दारावरचं नाक

पैज लागली तेव्हा मी शिडीवर होतो आणि निरगुडकर शिडीखाली. शिडी माझीच. मी एसी दुरुस्त करतो, त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुणाला काही उंचावर ठोकायचं असलं की पहिली आठवण माझी येते. बाकी वेळी माझी आठवण आली की लोक दार लावून घेतात.

आमची बिल्डिंग माझगावात, भाऊच्या धक्क्यापासून चालत दहा मिनिटं. चार मजले. जन्मापासून नाव 'दर्यासारंग निवास'. मग निरगुडकर आला. चौथ्या मजल्यावरची तीन घरं घेतली, मधल्या भिंती पाडल्या, एक केलं. वर्षभरात चेअरमन झाला आणि पाटी बदलली. आता नाव 'द मॅरिनर'. हा माणूस आयुष्यात बोटीवर चढला असेल तर एलिफंटाला जाताना, आणि तेव्हाही ओकला असेल.

त्या दिवशी कंपनीची माणसं प्रत्येक दाराच्या चौकटीवर एक पांढरी डबी बसवत होती. अर्ध्या करवंटीएवढी. जूनचा मधला आठवडा, बोटी बंद, म्हणजे सुक्या मासळीचे दिवस. निरगुडकर जिन्यात उभा राहून सगळ्यांना समजावत होता, की हे यंत्राचं नाक आहे. दार उघडलं की ते एक श्वास घेतं. वास मर्यादेबाहेर असला की लाल दिवा. एका दारावर एका दिवसात तीन लाल झाले की नोटीस. नोटीस आली की तो माणूस वर्षभर कमिटीतून बाद. दुसरी नोटीस आली की सभासदत्व रद्द करायची शिफारस थेट निबंधकाकडे, आपोआप.

"यात माणसाचा हात नाही," तो म्हणाला. "मी चेअरमन आहे, पण मलाही थांबवता येणार नाही. म्हणजे पक्षपाताचा प्रश्नच मिटला."

हे कुणासाठी चाललंय ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दुसऱ्या मजल्यावर सात नंबरला हिरामावशी तांडेल राहते. वय अडुसष्ट, नवरा नाही, मूल नाही. चाळीस वर्षं बाजारात सुकी मासळी विकली, आता घरी बोंबलाची चटणी करते आणि शेजारपाजारी वाटते. मी आठ नंबरला. मावशीची आणि माझी भिंत एक. कमिटीत जुन्यांपैकी ती एकटीच उरली होती आणि प्रत्येक ठरावाला 'माझा विरोध लिहा' म्हणायची. निरगुडकरला तिची खुर्चीही हवी होती आणि तिचं घरही.

मी शिडीवरून म्हटलं, "साहेब, या डबीला न शिवता मी तिला असं वळण लावीन, की तिला तुमच्याच घराची घाण येईल."

लोक हसले. निरगुडकरही हसला, पण त्याचे कान लाल झाले. किती दिवसांत, असं त्याने विचारलं. नारळी पौर्णिमेपर्यंत, मी म्हटलं. हरणाऱ्याने काय करायचं, तेही मीच सुचवलं. गळ्यात सुक्या बोंबलांची माळ घालून गेटपासून स्वतःच्या दारापर्यंत चढायचं, मजल्या-मजल्यावर 'बोंबील घ्या बोंबील' अशी आरोळी देत. सगळ्यांसमोर.

"कबूल," तो म्हणाला. "माळ तुम्हाला शोभेल, मयेकर."

तिसऱ्याच दिवशी मावशीला नोटीस लागली. सकाळी चटणी भाजली, दूधवाल्याला दार उघडलं, लाल. कचरा ठेवला, लाल. डबीला शिव्या द्यायला म्हणून दार उघडलं, तिसरा लाल. सगळ्यांच्या फोनवर टिंग वाजली आणि चाळीस वर्षांत कुणाच्या बापाला न भ्यायलेली बाई कमिटीतून बाहेर. अजून एक नोटीस आली की घराबाहेर. त्या दिवसापासून तिने तवा बंद केला. सकाळ-संध्याकाळ मुगाची खिचडी. भिंतीपलीकडून रोजचा खमंग वास येईना, तेव्हा मला वाटलं आपल्यालाच सर्दी झालीय.

मग मी डबीचा अभ्यास केला. चोरून नाही. कंपनीने माहितीपत्रक वाटलं होतं, ते वाचणारा बिल्डिंगमधला मी एकटा.

आत शंभरेक चिमुकल्या चकत्या असतात. प्रत्येकीवर वेगळ्या प्रथिनाचा लेप. आपल्या नाकात वास धरणारी प्रथिनं असतात, त्यांचीच नक्कल. एकट्या चकतीला बोंबील कळत नाही. एकीला थोडं काही चिकटतं, दुसरीला जास्त, तिसरीला काहीच नाही. त्या सगळ्यांचा मिळून एक ठसा उमटतो, अंगठ्याच्या ठशासारखा. सुक्या मासळीत ट्रायमिथाइल अमाइन नावाचा वायू असतो, त्याचा ठसा तर इतका ठळक, की म्हणे एक बोंबील तीन मजल्यांवरून ओळखता येतो. हे काम कुठलीही कोळीण फुकट करते, पण असो.

गोम पुढे होती. मुंबईच्या दमट हवेत ते लेप हळूहळू मंदावतात. मग स्वच्छ हवासुद्धा यंत्राला वेगळी वाटायला लागते. त्यावर इलाज म्हणून डबी रोज पहाटे, सगळी दारं बंद असताना, जिन्यातली हवा हुंगते आणि 'ही म्हणजे स्वच्छ' असं धरून आपला शून्य किंचित त्या बाजूला सरकवते. रोज थोडासाच. वजनकाट्याचा काटा रोज केसभर सरकवला तर महिन्याने किलोचा किलो राहत नाही, तसं.

हे वाचलं आणि मला इतका आनंद झाला, की बायको म्हणाली, अहो, पगारवाढ झाल्यासारखे काय हसताय, तुम्हाला तर पगारच नाही.

जिन्यात हवा खेळावी म्हणून निरगुडकरने मागच्या वर्षी पंखा बसवून घेतला होता. बसवला मीच. तो पंखा मागच्या डक्टमधली हवा ओढून जिन्यात सोडतो. आणि त्या डक्टमध्ये माझ्या मोरीची खिडकी उघडते. मी एका मलमलच्या पुरचुंडीत चिमूटभर बोंबलाची पूड बांधली आणि खिडकीबाहेर टांगली. दुसऱ्या दिवशी अजून चिमूटभर. लाल दिवा लागणार नाही इतकं कमी, पण शून्य सरकेल इतकं नेमाने. डबीला मी बोटही लावलं नाही. पैजेत तेच ठरलं होतं.

मजा म्हणजे माणसाचं नाकही तसंच. हळूहळू वाढणारा वास कुणालाच येत नाही. तीन आठवड्यांनी अख्खी मॅरिनर बोंबलात मुरली होती आणि लोक जिन्यात उभे राहून हवापाण्याच्या गप्पा मारत होते. निरगुडकरचे सासू-सासरे नागपूरहून आले, ते गेटपासून नाकाला रुमाल लावून चढले. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत सासूबाई हिरव्या पडल्या होत्या. निरगुडकर त्यांना सांगत होता, आई, आमच्याकडे हवेची गुणवत्ता मोजली जाते.

महिना भरला त्या दिवशी मी मावशीला म्हटलं, तवा चढव.

ती म्हणाली, वेडा झालास का, दुसरी नोटीस येईल. मी म्हटलं, विचारू नकोस, चढव. माझ्यावर विश्वास आहे ना?

तिने चढवला. दार उघडलं. डबी हिरवी. मावशीने डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि भरल्या वाटीने चटणी माझ्या हातात दिली. त्याच संध्याकाळी निरगुडकरच्या बायकोने घरात चंदनाची ती विजेवरची धुपाटी लावली आणि दार उघडलं. लाल. दुसऱ्यांदा उघडलं, लाल. तिसऱ्यांदा त्यांनी उघडलंच नाही. पैज मी तिथेच जिंकलो होतो. पण बोललो नाही. असला आनंद पौर्णिमेपर्यंत मुरवायचा, असं मी ठरवलं. आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक ती.

नाही, त्याहून मोठी दुसरी. बायकोला, सुषमाला, काही सांगितलं नाही.

आषाढाच्या शेवटी मी दोन दिवस पनवेलला एका हॉस्पिटलचे एसी धुवायला गेलो. परवा श्रावण लागणार हे माझ्या डोक्यातच नाही. सुषमाच्या डोक्यात दुसरं काही नाही. आमच्याकडे दीप अमावास्येला दिवे घासतात आणि घरातला मासळीचा कण न् कण बाहेर काढतात. डबे उन्हात, तवा राखेने घासून माळ्यावर. ती मोरी धुवायला गेली आणि खिडकीबाहेर तिला पुरचुंडी दिसली, एव्हाना चांगली नारळाएवढी. तिला वाटलं उंदरांसाठी काही टांगलंय. तिने ती काढली, नेऊन कचऱ्यात टाकली आणि डक्टमध्ये तीन बादल्या फिनेलचं पाणी ओतलं.

बिल्डिंगमधल्या सगळ्या जुन्या घरांनी तेच केलं. श्रावण सगळ्यांचाच.

श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी मी परत आलो, तर जिना लग्नाच्या मांडवासारखा लाल. यंत्राच्या लेखी आता बोंबील म्हणजे स्वच्छ हवा, आणि तो कुठेच नव्हता. चौदा दारांपैकी तेरा दारांना दुपारपर्यंत नोटिसा गेल्या होत्या. निरगुडकरलासुद्धा. बारा ते चार तो चेअरमन नव्हता. ते चार तास मी आयुष्यभर विसरणार नाही, कारण पुढचं कळेपर्यंत मी जिन्यावर बसून पोट धरून हसत होतो.

एकच दार हिरवं होतं. सात नंबर. मावशी श्रावणातले सोमवार पाळते, महिना नाही. तिचा नेम पौर्णिमेचा. नारळ दर्याला गेल्याशिवाय ताजं खायचं नाही, तोवर सुकं. आणि मीच तिला सांगितलं होतं, चढव तवा.

साडेतीनला कंपनीची इंजिनिअर आली. ऋचा नावाची, शांत, कामाची मुलगी. अर्ध्या तासात तिने सगळं ओळखलं. चाळीस दिवस कुणीतरी पद्धतशीरपणे या हवेत सुका बोंबील सोडलाय, ती म्हणाली, यंत्राची फसवणूक आहे. त्या दिवसाच्या तेरा नोटिसा तिने रद्द केल्या. छेडछाड सिद्ध झाली तर कंपनीला तेवढं करता येतं. मग नळकांड्यातली शुद्ध हवा हुंगवून तिने सगळ्या डब्या मूळ शून्यावर आणल्या आणि शून्य सरकायचं कायमचं बंद केलं.

छेडछाड कुणी केली, असं निरगुडकरने विचारलं. ती म्हणाली, ते यंत्र सांगू शकत नाही. यंत्र एवढंच सांगतं, की त्या बिघडलेल्या शून्याशी जुळणारी हवा फक्त सात नंबरची होती.

निरगुडकरने सात नंबरकडे बघितलं. मग जिन्यात बसलेल्या माझ्याकडे बघितलं आणि छान हसला. छेडछाडीला पहिली-दुसरी नोटीस नसते. थेट शिफारस. फक्त त्यावर चेअरमनची सही लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात. हातात शिफारशीचे दोन कागद. आत या म्हटलं नाही, तो आला नाही.

"मला माहितीये कुणी केलं," तो म्हणाला. "एक कागद तांडेलबाईंच्या नावाचा, एक तुमच्या. सही कशावरच केलेली नाही. पौर्णिमेला पैजेचा निकाल आहे. हरलो म्हणालात, तर माळ घाला, हसू सगळे, आणि त्यांचा कागद पुढे जाईल. जिंकलो म्हणालात, तर केलं तुम्हीच. मग तुमचा."

मी विचारलं, मला निवडायला का सांगताय?

"दोन्ही घरं मला हवीच आहेत, मयेकर. आधी कुठलं, एवढंच तुमच्या हातात."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ लोकांना कोंडीत पकडलंय. इतकं नीटनेटकं कुणाला नाही. शिव्या द्याव्यात की पाठ थोपटावी कळेना.

सुषमा आतून ऐकत होती. तिने आधी मला श्रावणाच्या तोंडावर मोरीत बोंबील टांगल्याबद्दल झापलं, मग तोंड धुतलं, मग बसली. सव्वीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. "हरलो म्हणा. मावशीला आपण बोरिवलीला माझ्या भावाकडे खोली बघून देऊ. आपण कुठे जायचं?"

मी उठलो, सात नंबरची बेल वाजवली आणि मावशीला सगळं सांगितलं. पुरचुंडी, शून्य, कागद. मला वाटलं होतं ती हसेल. निदान 'मेल्या' म्हणेल. चूल थंडच होती.

"तुला पैज होती, बाबल," ती म्हणाली. "मला घर आहे."

आणि दार लावलं. ऋचाने मुळावर आणलेली डबी दारावर हिरवीगार, जशी काही तिथे कुणी राहतच नाही.

पौर्णिमेला संध्याकाळी गेटपाशी सगळे जमले. दरवर्षी मावशी सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन धक्क्यावर जाते आणि आम्ही जुने तिच्यामागे. या वर्षी नवेही आले होते, पैज बघायला. फोन वर धरून. निरगुडकर पांढऱ्या कुडत्यात, बगलेत फाइल. मावशी एका बाजूला, एका हातात नारळ, दुसऱ्यात पिशवी. तिने माझ्याकडे बघितलं नाही. सुषमा माझ्यामागे उभी होती. तिचं बोट माझ्या शर्टाच्या टोकाला अडकलेलं, लग्नात गाठ मारतात तसं.

"बोला मयेकर," निरगुडकर म्हणाला. "हरलात ना?"

शर्टाचं टोक ओढलं गेलं. मी हात मागे नेऊन सुषमाचं बोट धरलं आणि म्हटलं, "जिंकलो."

मग सगळं सांगितलं. चिमूट, पंखा, पहाटेचा शून्य, नागपूरच्या सासूबाई. चंदनाच्या धुपाटीचे दोन लाल सांगितले तेव्हा नव्यांपैकीही काहीजण फिस्कन हसले. माझं संपल्यावर निरगुडकरने फाइल उघडली, माझा कागद वर काढला आणि सगळ्यांना दाखवला. कबुली सगळ्यांनी ऐकलीय, उद्या सकाळी कमिटीसमोर सही करतो, म्हणाला. सुषमाचं बोट माझ्या मुठीत गार पडलं.

तेव्हा मावशी पुढे आली.

"ते उद्याचं झालं," ती म्हणाली. "आजचं काय? तो जिंकला, तर तुम्ही हरलात."

पिशवीतून तिने माळ काढली. गुडघ्यापर्यंत येईल अशी, जाड दोऱ्यात ओवलेली. बोंबील निवडून घेतलेले, लांबलचक, तोंडं उघडी. दोघांपैकी कुणाच्यातरी गळ्यात ती जाणारच होती. कुणाच्या, याचा विचार तिने केलेला दिसला नाही. मला वाटतं तिला दोघेही चालले असते.

निरगुडकरने आजूबाजूला बघितलं. वीसेक फोन त्याच्यावर. एक घर त्याच्या बगलेत आलेलं होतं आणि दुसरं येणार होतं. अशा वेळी माणसाला खिलाडूपणा परवडतो. त्याने मान वाकवली. मावशीने माळ घातली आणि नीट दोन्ही खांद्यांवर बसवली.

तो चढला. पहिल्या मजल्यावर 'बोंबील घ्या बोंबील' म्हणताना आवाज चिरकला. दुसऱ्यावर जमलं. तिसऱ्यावर तर रंगात आला, हात वर करून ओरडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही सगळे मागून जिना चढत होतो. मी अगदी त्याच्या पाठीशी. आणि तिसऱ्या मजल्यावर, त्याच्या मानेवरचे बोंबील हलताना बघून, माझ्या पोटात गुदगुल्या सुरू झाल्या.

चौथ्या मजल्यावर त्याने स्वतःची बेल वाजवली. बायकोने दार उघडलं. चौकटीवरच्या डबीने श्वास घेतला. नवा कोरा, मुळावर आणलेला, न सरकणारा शून्य.

लाल.

"शी," असं म्हणून तिने दार लावलं. तो हसत बाहेरून म्हणाला, अगं पैजेचं आहे, उघड, संपलंय. तिने फटीतून तोंड काढलं. ते आधी काढून ये, म्हणाली.

लाल.

दार पुन्हा बंद. निरगुडकर आमच्याकडे वळला, हात जोडले आणि माळ काढायला मान वाकवली. डबी त्याच्या डोक्यामागे होती. त्याने ती पाहिलीच नव्हती. तिथे जमलेल्या कुणीच पाहिली नव्हती, मी आणि मावशी सोडून. मावशीने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"एक मिनिट साहेब, वहिनींनाही एक फोटो हवा," मी म्हटलं, आणि हात लांबवून बेल वाजवली.

दार उघडलं.

तिसरा लाल, आणि वीस फोनवर एकदम टिंग झालं. निरगुडकरचाही वाजला. त्याने खिशातून काढून वाचला. पुन्हा वाचला. गळ्यात बोंबील, बगलेत माझा बिनसहीचा कागद. मग तो ऋचाच्या कंपनीला फोन लावायला लागला, आणि लावता लावता थांबला, कारण छेडछाड काही झालेली नव्हती. डबी बरोबर होती. बोंबील खरा होता.

"यात माणसाचा हात नाही," मावशी म्हणाली. आवाज अगदी त्याच्यासारखा काढला तिने.

कुणी हसलं नाही. निरगुडकर माझ्याकडे असा बघत होता, की जिन्यात आम्ही दोघंच असतो तर मी जिना उतरून खाली पोचलो नसतो, पडलो असतो. उद्याच्या कमिटीत सही कोण करणार, नवा चेअरमन कोण, माझं घर राहणार की जाणार, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच. पण दात काढून हसायला ते कुठे लागतं?

मावशीने नारळ सुषमाच्या हातात दिला, दोन पावलं पुढे झाली आणि निरगुडकरपुढे हात पसरला.

"माळ द्या," ती म्हणाली. "चटणी व्हायचीय तिची."